तीन नंबरखालची बॅटरी

“त्यांना एवढंच सांग, की उद्या सभेत बोलू नका,” सबनीस सर म्हणाले. “बाकी काही बोलायची गरज नाही.”

गाडी ट्रान्झिट कॅम्पच्या फाटकाबाहेर उभी होती. सरांनी इंजिन बंद केलं नव्हतं. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची एक खिडकी काळी पडली होती. तिच्यावरची काजळी भिंतीवरून चढत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली होती.

“सर, त्यांचा नवरा जाऊन आठवडासुद्धा झाला नाही.”

“म्हणून तर तुला पाठवतोय. मी गेलो तर ते आणखी वाईट दिसेल.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हेमांगी, उद्या ठराव पडला तर संपलं सगळं. पुन्हा कोणी मला असं काम देणार नाही. तुलाही नाही.”

मी गाडीतून उतरले.

तेव्हा मी सबनीस सरांच्या ऑफिसात इंजिनिअर होते. भांडुपच्या नवश्रम वसाहतीचा पुनर्विकास होणार होता. पडायला आलेल्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहायच्या होत्या; तोवर रहिवाशांना ट्रान्झिट कॅम्पमध्ये तात्पुरत्या खोल्या दिल्या होत्या. अर्ध्या जुन्या रहिवाशांच्या, अर्ध्या बिल्डरने विकायच्या. या सगळ्या इमारतींना मिळून वीज कशी द्यायची, गरम पाणी कसं द्यायचं, हे ठरवायचं काम आमच्याकडे होतं. गच्च्यांवर सोलर, पाणी तापवायला हीट पंप आणि वीज साठवायला एक मोठी बॅटरी. वीज गेली तरी लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालू राहतील, डिझेलचा धूर कोणाच्या खिडकीत जाणार नाही आणि जुन्या भाडेकरूंना देखभालीचा खर्च झेपेल. अशा योजना तोवर विकायच्या टॉवरांसाठीच होत असत. गरिबांच्या इमारतीला एक जनरेटर आणि दोन लिफ्ट दिल्या की झालं; डिझेलचा खर्च झेपत नाही म्हणून तो जनरेटर बंदच पडून राहायचा. सरांनी आयुष्यभर हे बदलायचा प्रयत्न केला होता. दर वेळी काही ना काही कारणाने सोलर गच्चीवरून गायब व्हायचं आणि हीट पंप कागदावर राहायचे. नवश्रममध्ये पहिल्यांदाच सगळं मंजुरीपर्यंत आलं होतं. उद्या रहिवाशांच्या सभेने होकार दिला की काम सुरू.

आणि त्याच आठवड्यात कॅम्पमध्ये बबन आढावच्या स्कूटरची बॅटरी फुटली.

बबन विजेवर चालणाऱ्या स्कूटरवरून सामान पोचवायचा. कॅम्पमध्ये स्कूटर चार्ज करायला जागा नव्हती, म्हणून तो बॅटरी काढून घरात आणायचा. त्या दिवशी ती दाराशीच पेटली. बायको शेजारी गेली होती, हा आत अडकला. आमच्या बॅटरीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण बॅटरी म्हटलं की आता वसाहतीतल्या प्रत्येकाला ती काळी खिडकी आठवत होती.

जिन्यात मला घाडीगावकर काका भेटले. ते रहिवासी समितीचे सेक्रेटरी. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, आवाजाने मोठे. आमच्या योजनेमागे समितीत कोणी उभं राहिलं असेल तर ते एकटे काका.

“इलंस? बरं झालं. आधी वर चल, काकीला भेट,” ते म्हणाले. “सकाळपासून विचारतेय, राऊळांची चेडू कधी येणार.” राऊळांची चेडू, म्हणजे राऊळांची मुलगी, म्हणजे मी.

काकांचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर होतं. कॅम्पला लिफ्ट नव्हती. काकींची डावी बाजू लुळी पडलेली. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. दवाखान्यात न्यायचं झालं तर चार माणसं त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायची. वर्षभरात त्या दोनदाच खाली गेल्या होत्या.

“लिफ्टचा काय झालां?” त्यांनी मला विचारलं. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

“होणार काकी. मोठी लिफ्ट. खुर्चीसकट जाल.”

“आणि लाइट गेली तर?”

“तरी चालू राहील.”

त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला आणि थोडा वेळ सोडलाच नाही. काका खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. “रोज संध्याकाळी हिला खाली आणणार आहे,” ते म्हणाले. “बाकडं पण बघून ठेवलंय मी नकाशात.”

मग हळू आवाजात म्हणाले, “शालनकडे जातेयस ना? जा. तिला दुखवू नकोस. पण उद्या ती उभी राहिली तर लोक घाबरतील. त्यांना वाटतंय, बिल्डर आपल्या डोक्याखाली बॉम्ब ठेवतोय.”

मी नुसती हो म्हणाले. काकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सरांनी मला येताना गाडीत सांगितली होती.

मूळ योजनेत बॅटरी वसाहतीच्या दक्षिण कोपऱ्यात होती. सगळ्या इमारतींपासून लांब, मोकळ्यावर, भोवती कुंपण. ती जागा मीच निवडली होती. पण बिल्डरच्या लोकांना तो कोपरा आता टॉवरवाल्यांच्या बागेसाठी हवा होता. त्यांनी बॅटरी तीन नंबरच्या इमारतीखाली, तळघरात नेली होती. तीन नंबर म्हणजे जुन्या रहिवाशांची इमारत; काकांचं नवं घरही तिच्यातच, तेविसाव्या मजल्यावर. सरांनी ते मान्य केलं होतं.

“भिंती जाड करू. आग विझवणारा गॅस सोडायची व्यवस्था ठेवू. नियमात बसेल,” ते म्हणाले होते. “नाही म्हटलं तर ते बॅटरीच काढून टाकतील आणि जनरेटर लावतील. मग सोलरही जाईल. मला लढून लढून आता एवढंच वाचवता आलंय.”

बबनची बायको शालन पहिल्या मजल्यावर, जळालेल्या खोलीच्या शेजारी एका बाईकडे राहत होती. स्वतःच्या खोलीचं दार तिने बाहेरून बंद केलं होतं. वय तिशीच्या आसपास. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मला बघून तिने शेजारणीला बाहेर जायला सांगितलं.

“तुम्ही बॅटरीवाल्या ना?”

“हो.”

“सांगा.”

मी काय सांगायचं ते घोकून आले होते. स्कूटरची बॅटरी वेगळी, आमची वेगळी. तुमचं दुःख आम्हाला कळतं. उद्या भावनेच्या भरात काही बोललं गेलं तर सगळ्या वसाहतीचं नुकसान होईल. यातलं अर्धं मी बोलले. शालन ऐकत राहिली. मग तिने विचारलं, “आम्हाला तीन नंबर दिलाय. सातव्या मजल्यावर. बॅटरी कुठं येणार?”

मी तिच्या पट्टीकडे बघत होते.

“मॅडम?”

“तीन नंबरखाली.”

ती दचकली नाही. पट्टीवरची सुटलेली कड तिने दुसऱ्या हाताने खाली दाबली. “दार उघडलं ना मी, तेव्हा धूर असा अंगावर आला. आग दिसतच नव्हती. नुसता पांढरा धूर. मी त्याला हाका मारत होते आणि तोंडात काहीतरी कडू कडू जात होतं. माणसं पाणी ओतत होती आणि ती बॅटरी पाण्यातसुद्धा फुसफुसत होती.” ती थांबली. “तुमची केवढी मोठी असेल?”

“खूप मोठी.”

“तुम्ही झोपाल तिच्यावर? पोराबाळांना घेऊन?”

मी इंजिनिअर होते. माझ्याकडे उत्तरं होती. शक्यता किती कमी असते, तपमान वाढलं की यंत्रणा कशी आपोआप बंद होते, हे सगळं मला पाठ होतं. पण अशी बॅटरी एकदा पेटली की ती विझत नाही, तासन् तास जळत राहते आणि तिचा धूर विषारी असतो, हेही मला पाठ होतं. मोकळ्यावर ती एकटी जळून जाते. तळघरात पेटली तर तो धूर जिन्याने वर चढणार होता आणि त्या जिन्याने उतरणारी माणसं काकींसारखी होती.

“नाही,” मी म्हणाले.

शालनने मान हलवली. रागाने नाही. जणू तिला तेवढंच हवं होतं.

“बरं. मी नाही बोलणार उद्या,” ती म्हणाली. “तुम्हीच बोला.”

खाली आले तेव्हा सर गाडीबाहेर येऊन उभे होते. त्यांना वाटलं काम झालं. मी त्यांना म्हटलं, कोपऱ्यातल्या जागेसाठी आपण पुन्हा भांडू या. बिल्डरच्या निमकरांकडे आत्ता, आजच जाऊ या. सरांनी खरंच निमकरांना फोन लावला. माझ्यासमोर. स्पीकरवर टाकला.

“सबनीस, तो कोपरा आता माझ्या हातात नाही,” निमकर म्हणाले. आवाजात ताठा नव्हता, थकवा होता. “बाग दाखवूनच टॉवरची घरं विकली गेलीत. मला वरून सांगितलंय, बॅटरी खाली बसवा नाही तर काढून टाका. तुम्ही सांगा काय करू.”

सरांनी फोन खिशात ठेवला.

“ऐकलंस? आता काय करायचं म्हणतेस?”

“लोकांना सांगू या.”

“लोकांना!” ते ओरडले, आणि लगेच आवाज खाली आणला. “लोक काय करतील माहीत आहे? ते सगळंच फेकून देतील. बॅटरी नको, सोलर नको, काही नको. मग या काकींना तेविसाव्या मजल्यावर वीज गेली की अडकून पडावं लागेल. तुला तेच हवंय का? लाखात एखाद्या धोक्यासाठी हजार माणसांचे रोजचे हाल करायचे आहेत तुला?”

ते खोटं बोलत नव्हते. हीच अडचण होती.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बिल्डरतर्फे निमकर पुढे बसले होते. त्यांनी सुरुवात केली, मग सरांनी योजना सांगितली. सर सुरेख बोलायचे. त्या दिवशीही बोलले. वीज गेल्यावर लिफ्ट कशी चालू राहील, हे सांगताना त्यांनी काकींचं उदाहरण दिलं, नाव न घेता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रश्न आला. मागून एक माणूस उठला. “बॅटरी फुटली तर?”

“त्याची पूर्ण काळजी घेतली आहे,” सर म्हणाले.

“कुठे ठेवणार?”

“सुरक्षित जागी. सगळ्या नियमांप्रमाणे.”

शालन तिसऱ्या रांगेत बसली होती. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. हॉलमधली निम्मी माणसं तिच्याकडे वळून बघत होती. ती उठली नाही. तिने माझ्याकडेही बघितलं नाही.

काका उठले. “आणखी कोणाला काही विचारायचंय? नसेल तर मी ठराव मांडतो. हात वर करा.”

मी उभी राहिले. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी फक्त मान हलवली, नको म्हणून. आजही ती मान मला दिसते. एवढी विनवणी मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

“बॅटरी तीन नंबरखाली येणार आहे,” मी काकांसमोरच्या माईकमध्ये म्हणाले. “तळघरात. आधी ती दक्षिण कोपऱ्यात होती. तिथेच ठेवली पाहिजे.”

मग हॉल फुटला.

मी बोलत राहिले. बॅटरी नको म्हणू नका, जागा बदला म्हणा, योजना चांगली आहे, सोलर जाऊ देऊ नका, कोपरा मागा, एवढंच मागा. माझा आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता. कोणी खुर्ची उचलली. एक बाई निमकरांच्या अंगावर धावून गेली. निमकर हात जोडून मागे सरकत होते. सर जागेवर बसून होते, समोर बघत. काका माईक धरून “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत राहिले आणि मग तेही थांबले.

ठराव मांडलाच गेला नाही.

गर्दी बाहेर पडल्यावर काका माझ्यापाशी आले. शर्टाची एक बाही ओढाताणीत उसवली होती.

“कालच तुला माहीत होतं?”

“हो.”

“माझ्या घरात येऊन बसलीस. तिचा हात धरलास. तेव्हा माहीत होतं?”

“हो काका.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही काय केलं असतं?”

त्यांनी उसवलेली बाही ओढून सरळ केली. मग म्हणाले, “गप्प बसलो असतो. तू पण गप्प बसायला हवं होतंस.”

ते निघून गेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. रहिवाशांनी होकार दिला नाही. बिल्डरने काम थांबवलं. समिती फुटली, दोन गट झाले, प्रकरण कोर्टात गेलं. कॅम्पमधली दुरुस्ती बंद झाली. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, वरच्या मजल्यांवर पाणी चढायचं नाही. सबनीस सरांनी ऑफिस बंद केलं आणि बहिणीकडे धारवाडला गेले. मी त्यांना पत्रं लिहिली, फोन केले. एकदाच त्यांनी उचलला. “तू चुकीची नव्हतीस,” ते म्हणाले. “पण मला आता तुझ्याशी बोलायचं नाही.” मला वर्षभर कुठे काम मिळालं नाही. ज्या बाईने स्वतःचीच योजना सभेत पाडली तिला कोण ठेवणार?

रहिवासी मात्र एका गोष्टीवर अडून राहिले: दक्षिण कोपरा. तो हट्ट शालनने धरला होता, हे मला नंतर कळलं. ती दारोदार फिरली. कोर्टात जाऊन बसली. बबन कसा गेला, हे परक्या माणसांसमोर पुन्हा पुन्हा सांगत राहिली. शेवटी टॉवरवाल्यांची बाग लहान झाली आणि बॅटरी कोपऱ्यात, कुंपणात बसली. सोलरही लागलं, हीट पंपही लागले. काम दुसऱ्या कंपनीने केलं, पण नकाशे जवळजवळ आमचेच होते.

काकी मधल्या काळातल्या दुसऱ्या पावसाळ्यात गेल्या. चौथ्या मजल्यावर, पलंगावर. अॅम्ब्युलन्स फाटकाशी उभी होती आणि खुर्ची धरायला चौथा माणूस मिळत नव्हता.

हे मला कोणी कळवलं नाही. नव्या इमारतीत लोक राहायला गेल्यावर काही काळाने मी शालनला भेटायला गेले, तेव्हा तिने सांगितलं. मी तिच्या सातव्या मजल्यावरून तशीच वर काकांकडे गेले.

काकांनी दार उघडलं. फार वाळले होते. मला बघून ते बाजूला झाले नाहीत, दारातच उभे राहिले. आत हॉलच्या भिंतीवर काकींचा फोटो होता आणि खाली पलंग नव्हता, नुसती मोकळी जागा होती, जणू पलंगासाठी ठेवलेली.

“काका, मला आजच कळलं.”

“हं.”

“मी…”

“माफी मागू नकोस,” ते म्हणाले. “तू खरं बोललीस. शालन पण हेच सांगते. सगळेच सांगतात.”

मी उभी राहिले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी वाजली.

“एक विचारू?” काका म्हणाले. “त्या बॅटरीला आजवर काही झालं का?”

“नाही.”

“धूर? ठिणगी?”

“नाही काका. काहीच नाही.”

“म्हणजे खाली असती, तरी काही झालं नसतं.”

उत्तर टाळता आलं असतं. कधीतरी होऊ शकतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

“बहुतेक नसतं झालं,” मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ते चपला घालून बाहेर आले, लिफ्टचं बटण दाबलं आणि माझ्याशेजारी उभे राहिले. लिफ्ट आली. मोठी होती, खुर्चीसकट माणूस मावेल एवढी. मी आत गेले. काका बाहेरच थांबले. हात आत घालून त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं आणि दार बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.